सैल होणारा पट्टा आणि सुटणारा पट्टा

स्कूबा डायव्हिंगसाठी स्वतःची बॅकप्लेट, म्हणजे पाठीवर सिलिंडर धरून ठेवणारी धातूची पाटी, घेतली की पहिल्या काही डाइव्हनंतर बहुतेकांची तक्रार एकच असते : पाण्यात हार्नेस, म्हणजे ती पाटी अंगाला बांधणारे पट्टे, निघत नाही. मग खांद्याचा पट्टा कापून त्यात बकल घालायचं ठरतं. पण या तक्रारीवर दोन वेगळे उपाय आहेत आणि बोलताना दोघांनाही 'क्विक रिलीज' म्हणून टाकतात. एकात पट्टा सैल होतो, दुसऱ्यात तो सुटतो. कात्री हातात घेण्याआधी हा फरक नीट कळायला हवा, कारण कापलेला पट्टा परत जोडता येत नाही.

मुळात हा हार्नेस सलग का असतो? ५० मिलिमीटर रुंदीची एकच वेबिंग, म्हणजे विणलेली पट्टी, प्लेटच्या खाचांमधून ओवून दोन्ही खांदे आणि कंबर बांधायची, आणि उघडणारं बकल फक्त कमरेला ठेवायचं, ही पद्धत फ्लोरिडाच्या गुहांमध्ये उतरणाऱ्या डायव्हरांनी रुजवली. त्यांच्यातल्या विल्यम हॉगार्थ मेन यांच्या नावावरूनच तिला हॉगार्थियन म्हणतात. गुहेत भलत्या वेळी बकल तुटलं किंवा उघडलं तर काय, हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्याला हे चोख उत्तर होतं.

मालवणात लहान होडीवरून उतरणाऱ्याचा प्रश्न निराळा असतो. डाइव्ह संपली की होडीच्या कडेला धरून, लाटेबरोबर वरखाली होत, सगळा संच अंगावरून उतरवायचा आणि वरच्या माणसाच्या हातात द्यायचा. ॲल्युमिनियमचा नेहमीचा सिलिंडर रिकामा असतानाच १४ किलोंच्या आसपास भरतो. त्यात २.७ किलोंची स्टीलची प्लेट, सिलिंडरमधली हवा तोंडाशी आणणारं रेग्युलेटर, ओली वेबिंग धरली तर २० किलोंच्या घरात जातं. एवढं पाठीवर घेऊन शिडी चढणं प्रत्येकाला जमतंच असं नाही.

आता पहिला उपाय, सैल होणारा पट्टा. नेहमीच्या हार्नेसमध्ये प्लेटच्या खालच्या खाचेपाशी वेबिंग घर्षणानं किंवा ट्रायग्लाइडनं (पट्टा ओवून अडवायच्या छोट्या चौकटीनं) अडवलेली असते. खांद्याचा भाग खांद्याला, कमरेचा कमरेला. ही अडवणूक काढून वेबिंग खाचेतून सरकू दिली की कमरेचं बकल उघडल्यावर पट्टा कमरेकडून खांद्याकडे सरकतो आणि खांद्याचा फास मोठा होतो. अंगठा पट्ट्यावरच्या डी-रिंगमध्ये, म्हणजे डी-आकाराच्या कडीत, अडकवून पट्टा पुढे ढकलायचा, कोपर मागे ओढून फासातून बाहेर काढायचं. परत घालताना कमरेची टोकं ओढली की खांदे आपोआप घट्ट बसतात. काही कापावं लागत नाही, प्लास्टिकचा एक तुकडाही वाढत नाही. फक्त सरकण्याला मर्यादा घालणारा अडसर दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर हवा, नाहीतर एक खांदा वर आणि एक खाली अशी प्लेट तिरकी बसते. आणखी एक गोष्ट : विंग, म्हणजे प्लेटला लावलेली हवेची पिशवी, अर्धवट भरलेली असेल तर सिलिंडरचा भार पट्ट्यावर येतो आणि वेबिंग जागची हलत नाही. आधी विंग पुरती फुगवायची.

दुसरा उपाय, सुटणारा पट्टा. शाळेच्या दप्तराला असतं तसं, दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबायचं बकल डाव्या खांद्यावर बसवायचं. डावाच का, तर रेग्युलेटरचा होज (नळी) उजव्या खांद्यावरून येतो. डावा हात आधी मोकळा केला की सिलिंडर उजवीकडून पुढे घेता येतो आणि तोंडातलं रेग्युलेटर ओढलं जात नाही.

बकल बसवण्याच्या जागेवर मात्र मी अडून बसेन. पहिल्यांदा मी ते छातीच्या डी-रिंगच्या वर बसवलं होतं. होडीजवळ आल्यावर दाबलं, 'टक' करून उघडलं, आणि तरीही हात निघेना. विंग फुगवणाऱ्या इन्फ्लेटरचा होज पाठीकडून खांद्यावरून येऊन डी-रिंगजवळच्या रबरी फासातून गेलेला होता. पट्टा तुटक झाला, पण होजनं वरचा तुकडा आणि खालचा तुकडा जोडूनच ठेवले होते. हात पट्ट्यात नव्हे, होजमध्ये अडकला होता. पुढे मी बकल डी-रिंगच्या खाली घेतलं. आता डी-रिंग, रबरी फास आणि होज तिन्ही वरच्या तुकड्याबरोबर राहतात आणि खालचा तुकडा एकटा बाजूला होतो.

बकलची दुखणीही आहेतच. होडीत त्यावर सिलिंडर आदळला तर ते तडकतं, उन्हानं प्लास्टिक ठिसूळ होतं, वाळू शिरली की दाबलं जात नाही. पाण्यात तुटलं तर कंबर, उजवा खांदा आणि पायांमधला पट्टा संच धरून ठेवतात, तो एका बाजूला कलतो इतकंच. पण पुढची डाइव्ह हुकते, म्हणून सुटं बकल पिशवीत असावं. ओवता येणारं घ्यावं, शिवावं लागणारं नको.

मग घ्यायचं कोणतं? माझं मत स्पष्ट आहे : बहुतेकांना आधी दोन्हींची गरज नसते. त्यांचे पट्टे मुळात फार आवळलेले असतात. घरी टी-शर्टवर माप घेतलेलं असतं आणि पाण्यात वर ५ मिलिमीटरचा वेटसूट चढतो. त्याचं ओलं निओप्रीन, म्हणजे फोमसारखं रबर, पट्ट्याला धरून बसतं. सूट घालून पुन्हा माप घ्या. छातीपुढे पट्ट्याखाली मूठ सहज जायला हवी. एवढ्यानंच कितीतरी जणांचा हात निघतो. तरीही अडलं तर सरकता पट्टा. खांदा आखडलेला असेल, जुनी दुखापत असेल, कोपर मागे जातच नसेल, तर सैल पट्ट्याचाही उपयोग नाही, तिथे बकलच हवं, आणि ते लावण्यात कमीपणा काहीच नाही. थंड पाण्यात पाणी आत न येऊ देणारा जाड ड्रायसूट घालणाऱ्यांनाही तेच सोयीचं पडतं.

पाण्याखाली राहण्यासाठी वजन म्हणून लावलेलं शिसं कुठे आहे तेही आधी पाहा. सगळं शिसं हार्नेसवर असेल तर संच अंगावेगळा होताच वेटसूट तुम्हाला वर खेचतो आणि संच खाली जाऊ पाहतो. थोडं शिसं वेगळ्या कमरपट्ट्यावर ठेवलं तर हे टळतं. बदल कोणताही केला तरी पहिली चाचणी तरणतलावात, कमरेइतक्या पाण्यात, सोबत जोडीदार ठेवून. त्याला बकल कुठे आहे ते दाखवा आणि डोळे मिटून एकदा उघडायला सांगा. तुम्ही बेशुद्ध असाल त्या दिवशी ते त्यालाच उघडायचं आहे.