ॲक्च्युअरीचे व्यवसाय प्रमाणपत्र : पात्रता, कागदपत्रे आणि निरंतर शिक्षणाची नोंद

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील (जी.आय.डी.सी.) कंपन्यांना ३१ मार्चच्या ताळेबंदात ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेचे दायित्व दाखवावे लागते. लेखा मानक १५ किंवा इंड ए.एस. (भारतीय लेखा मानक) १९ यांपैकी जे लागू असेल त्यानुसार ही रक्कम मोजून आपल्या सहीचा अहवाल देणे, हे ॲक्च्युअरीचे, म्हणजे भविष्यातील देण्यांचे गणित मांडणाऱ्या तज्ज्ञाचे, नेहमीचे काम आहे. बडोद्यात राहून असे काम स्वतंत्रपणे करू इच्छिणाऱ्यांसाठी, आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठात संख्याशास्त्र शिकत असतानाच या वाटेचा विचार करणाऱ्यांसाठी, ही माहिती आहे.

भारतात हा व्यवसाय ॲक्च्युअरीज ॲक्ट, २००६ या कायद्याखाली चालतो. कायदा १० नोव्हेंबर २००६ पासून लागू झाला आणि १९४४ साली स्थापन झालेल्या ॲक्च्युरिअल सोसायटी ऑफ इंडियाची जागा इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडिया या वैधानिक संस्थेने घेतली. विद्यार्थी सदस्यत्वाची नेहमीची वाट ‘एसेट’ या प्रवेश परीक्षेतून जाते. पुढे असोसिएट आणि मग फेलो अशा सदस्यत्वाच्या पायऱ्या आहेत. परीक्षांबरोबर व्यावसायिक आचरणाचा अभ्यासक्रमही पूर्ण करावा लागतो. मात्र फेलो झाले म्हणजे व्यवसायाची परवानगी आपोआप मिळते, असा समज कोणी करून घेऊ नये. त्यासाठी संस्थेच्या कौन्सिलकडून व्यवसाय प्रमाणपत्र, म्हणजेच ज्याला सगळे सी.ओ.पी. म्हणतात ते, वेगळा अर्ज करून घ्यावे लागते आणि त्याचे वार्षिक शुल्क भरावे लागते. मनोविकल ठरवलेली, दिवाळखोरीतून मुक्त न झालेली किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली व्यक्ती मुळात संस्थेच्या नोंदवहीतच राहू शकत नाही.

जन्मतारखेचा व पत्त्याचा पुरावा, गुणपत्रिका आणि छायाचित्र ही कागदपत्रे सदस्यत्वाच्या अर्जापासूनच एका ठिकाणी ठेवावीत. बडोद्यातील मराठी घरांत खरी अडचण नावाची असते : शाळा सोडल्याचा दाखला गुजरातीत आणि आडनाव आधी, आधार कार्डावर आडनाव शेवटी, आणि पासपोर्टवर स्पेलिंग तिसरेच. परीक्षेची नोंदणी ज्या नावाने होते तेच नाव पुढे प्रमाणपत्रांवर येते, म्हणून नोटरीपुढील प्रतिज्ञापत्र आणि गुजराती दाखल्याचे साक्षांकित इंग्रजी भाषांतर ही दोन्ही कामे पहिल्या अर्जाआधीच उरकून घेतलेली बरी.

प्रमाणपत्राचा अर्ज करताना आणि पुढे ते चालू ठेवताना निरंतर व्यावसायिक विकासाची, म्हणजेच निरंतर शिक्षणाची, अट पाहिली जाते. किती तास आणि कोणत्या प्रकारचे, हे संस्था सदस्याच्या वर्गानुसार ठरवते, त्यामुळे अर्ज भरण्याच्या दिवशी लागू असलेला तक्ताच प्रमाण मानावा. सहकाऱ्याकडून ऐकलेल्या आकड्यावर विसंबू नये. चर्चासत्राला नाव नोंदवून मागच्या रांगेत मोबाइल चाळत बसलेल्यालाही उपस्थितीचा दाखला मिळतो, ही या पद्धतीतली उणीव आहेच. तरी प्रत्येक कार्यक्रमानंतर तारीख, विषय, तास आणि त्यातून आपल्या कामात नेमके काय बदलले याच्या दोन ओळी लिहून ठेवाव्यात. विचारणा झाली की ही वही पुढे करता येते, आणि वर्षाच्या शेवटी आठवून लिहिलेली नोंद वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येते.

आचारसंहितेचा प्रश्न बहुधा मार्चअखेरीस फोनवर येतो. ‘पगारवाढ सात टक्क्यांऐवजी पाच धरा ना, साहेब,’ असे कंपनीचा अकाउंटंट सहज म्हणतो. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर मोजली जाते, म्हणून हे गृहीतक महत्त्वाचे. आज ३०,००० रुपये पगार असलेल्या आणि निवृत्तीला २० वर्षे उरलेल्या कर्मचाऱ्याचा शेवटचा पगार सात टक्क्यांनी सुमारे १,१६,००० रुपये होतो, तर पाच टक्क्यांनी सुमारे ७९,६००. म्हणजे त्या एका माणसापुरते दायित्व जवळजवळ एक तृतीयांशाने उतरते. गृहीतके ठरवण्याची जबाबदारी लेखा मानकानुसार कंपनीची असली, तरी प्रत्यक्ष पगारवाढीचा मागील काही वर्षांचा तपशील मागवणे, पाच टक्क्यांना आधार सापडत नसेल तर तसे लेखी कळवणे आणि अहवालात ते स्पष्ट नोंदवणे हे सही करणाऱ्याचे काम आहे. तोंडी समजावून सांगितले होते, हे चौकशीत फार उपयोगी पडत नाही.

कायद्याच्या परिशिष्टात व्यावसायिक गैरवर्तनाची यादी दिली आहे आणि अर्जापूर्वी ती मुळातून वाचावी. आपल्या नावावर दुसऱ्याला व्यवसाय करू देणे आणि अशिलाची गोपनीय माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करणे ही त्यातली ठळक उदाहरणे आहेत. ज्या कंपनीचे काम आधी दुसरा ॲक्च्युअरी करत होता ते स्वीकारण्यापूर्वी त्याला लेखी कळवणे हाही व्यवसायाचा नियम आहे. लहान शहरात तो जास्त महत्त्वाचा ठरतो, कारण दांडिया बाजारातल्या एका सी.ए.च्या ओळखीने आलेले काम कालपर्यंत कोणाकडे होते, हे विचारल्याशिवाय कळत नाही. आणि आधीच्या माणसाने ते गृहीतकांच्या वादावरूनच सोडले असण्याची शक्यता असते.

तक्रार आल्यास शिस्तपालन समिती चौकशी करते. ताकीद, दंड किंवा नोंदवहीतून नाव कमी करणे अशी कारवाई होऊ शकते आणि तिच्याविरुद्ध अपिलीय प्राधिकरणाकडे दाद मागता येते. गृहीतकांचा पत्रव्यवहार आणि निरंतर शिक्षणाची वही अशा वेळी पहिल्यांदा मागितली जाईल असे धरूनच दोन्ही नीट तारीखवार लावून ठेवावीत.