कुंडीवरची चिठ्ठी आणि दोनशे वर्षांचा घोळ

लातूर-परभणीकडच्या रोपवाटिकांत गुलाब-मोगऱ्याच्या रांगेमागे, हिरव्या शेडनेटखाली, हल्ली छोट्या कुंड्या टांगलेल्या दिसतात. बोटाएवढ्या जाड कांड्या, शेंड्याला जांभळ्या फुलांची लांब काडी. चिठ्ठीवर नुसते ‘ऑर्किड’ लिहिलेले असते, फार तर ‘डेन्ड्रोबियम फॅलेनॉप्सिस’. माझ्या पहिल्या कुंडीवर हेच दोन शब्द होते. त्यातला दुसरा धरून मी माहिती वाचली, रोप सावलीत ठेवले, मुळे कधी वाळू दिली नाहीत. वर्षभरात फूल सोडाच, कांड्या मऊ पडून कुजल्या. चूक पाण्याची होती, पण त्याआधी नावाची होती, आणि ती १८८० सालची निघाली.

त्याच्याही आधीचा एक घोळ आपल्या घरचा आहे. ती कुंडी पाहून शेजारच्या मावशी म्हणाल्या होत्या, “अहो, हे तर बांडगूळच की! पैसे देऊन आणलं व्हय?” मावशींचा दोष नाही. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशाने ‘वन्दा’चे, म्हणजे बांडगुळाचे, पर्याय देताना ‘वृक्षादनी’ म्हणजे झाड खाणारी आणि ‘वृक्षरुहा’ म्हणजे झाडावर उगवणारी, हे दोन्ही एकाच ओळीत बसवले आहेत. बांडगूळ झाडाचा रस शोषते. आमरी, म्हणजे ऑर्किड, खोडाला फक्त धरून राहते आणि पावसाच्या पाण्यावर, सालीवरच्या कचऱ्यावर जगते. हा फरक त्या ओळीत नाही. पुढे संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी हाच संस्कृत शब्द उचलला आणि १८२० मध्ये तो ‘वँडा’ या आमरीच्या वंशाचे अधिकृत नाव झाला. आंब्या-बाभळीवर वाढणारी आपली रास्ना ती हीच, वँडा टेसेलाटा. गंमत अशी की औषधी ‘रास्ना’ म्हणूनही प्रांतोप्रांती वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात. त्यांतली ही फक्त एक.

डेन्ड्रोबियम हे नाव १७९९ मध्ये स्वीडनच्या ओलोफ स्वार्ट्झ यांनी दिले. ग्रीकमध्ये डेन्ड्रॉन म्हणजे झाड, बायोस म्हणजे जीवन. म्हणजे पुन्हा वृक्षरुहाच! या वंशात आज दीड हजारांहून अधिक जाती मोजतात. त्यांतल्या काही सह्याद्रीतल्याच आहेत. डेन्ड्रोबियम ओव्हॅटम ही जात मलबारच्या वनस्पतींवरच्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या, डचांनी काढलेल्या, बारा खंडी लॅटिन ग्रंथात (१६७८ ते १६९३) चित्रासकट आली आहे. मराठवाडा मात्र या नोंदींत उशिरा आला. थिओडोर कुक यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची केली, तेव्हा आपण निजामाच्या राज्यात होतो. मराठवाड्याची स्वतंत्र सूची डॉ. व्ही. एन. नाईक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. आपल्याकडे आमरीला घरगुती नावे कमी आणि ‘बांडगूळ’ हे एकच सरसकट, याचे थोडे कारण इथेही असावे असे मला वाटते.

आता तो १८८० चा मुद्दा. पतंगासारख्या (उडवायचा नव्हे, दिव्याभोवती येणारा कीटक) पसरट फुलांच्या एका आमरीला वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लूमे यांनी १८२५ मध्ये फॅलेनॉप्सिस, म्हणजे ‘पतंगासारखी’, असे नाव दिले होते. पुढे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधली एक डेन्ड्रोबियम फिट्झगेराल्ड यांच्या हाती आली. तिची फुले त्या पतंगासारखी दिसतात, म्हणून त्यांनी तिला ‘डेन्ड्रोबियम फॅलेनॉप्सिस’ म्हटले. नात्याचा पत्ता नाही, नुसते तोंडावळ्यावरून नाव. त्याआधी १८५२ मध्येच लिंडली यांनी तिकडच्याच एका अगदी जवळच्या झाडाला डेन्ड्रोबियम बिगिबम म्हटले होते, आणि अनेक वनस्पतिशास्त्रज्ञ आज या दोन्ही एकच मानतात. १९५९ पासून ते क्वीन्सलँडचे राज्यफूल आहे. व्यापाऱ्यांनी मात्र लांब नाव कापून ‘डेन-फॅल’ केले, आणि चिठ्ठी लिहिणाऱ्याने कधी पहिला शब्द गाळला तर कधी दुसरा.

खरे तर फूल नसतानाही हे ओळखू येते. फॅलेनॉप्सिसला कांडी नसते. तळाशीच चार-सहा रुंद, जाड पाने एकमेकांवर बसलेली असतात. डेन्ड्रोबियमला उसासारख्या पेरांच्या कांड्या, आणि दरवर्षी जुन्या कांडीच्या बुडातून नवी फुटते. फूल असेल तर ते उलटे करून पाहावे: डेन्ड्रोबियमच्या पाठीमागे पाकळ्यांच्या बुडाशी एक छोटी हनुवटी पुढे आलेली असते. कांड्यांतही पुन्हा दोन घराणी आहेत. शेंड्याजवळून लांब काडी निघाली तर ते बिगिबमचे रक्त. कांडीभर पेरापेरांतून दोन-तीन फुलांचे घोस आले तर नोबिले. ती हिमालयाच्या पायथ्याची, सिक्कीमचे राज्यफूल. तिला थंड, कोरडा हिवाळा लागतो. बिगिबमला थंडी सोसत नाही. परभणीच्या थंडीचा आकडा दर डिसेंबरात बातम्यांत येतो, तेव्हा माझी कुंडी रात्री घरात असते.

पण रोपवाटिकेतली झाडे यांपैकी शुद्ध कोणतीच नसतात. आमरीचे बी धुळीसारखे बारीक, पोटात अन्नसाठा नाही. रुजायला बुरशीची साथ लागते, हे नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये दाखवले. लुईस नुडसन यांनी १९२२ मध्ये बुरशीशिवायच, साखर घातलेल्या आगरवर (समुद्री शेवाळापासूनच्या जेलीवर), बाटलीत बी रुजवले. सिंगापूरच्या बोटॅनिक गार्डनने १९२८ पासून याच पद्धतीने संकर सुरू केले. थायलंडने त्यांतूनच फुलांचा मोठा व्यापार उभा केला. नावे तर कुणाचीही लागली. जून २०१८ मध्ये सिंगापुरात एका डेन्ड्रोबियमला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांचे नाव दिले गेले. आपल्याकडे सर्वांत जास्त दिसते ती जांभळी-पांढरी ‘सोनिया’. तिच्यापुढचे १७ किंवा २८ हे निवडलेल्या रोपांचे आकडे आहेत. अशा संकराची चिठ्ठी एकदा हरवली की नुसत्या फुलावरून खरे नाव सांगता येत नाही. फोटो पाहून कुणी ठामपणे सांगू लागले, तर मी तरी विश्वास ठेवत नाही.

मूळ जातीची जागा कळली, की निगेतले अर्धे प्रश्न सुटतात. उत्तर क्वीन्सलँडमध्ये उन्हाळ्यात मुसळधार पाऊस आणि मग महिनोन्‌महिने कोरडे. झाड तेव्हा पाने गाळूनही तगते. म्हणजे आमच्यासारखाच चार महिन्यांचा पावसाळा. फरक एवढाच की तिकडे समुद्राचा दमटपणा आहे आणि आमच्याकडे एप्रिल-मेच्या झळा. नवी कांडी जूनमध्ये फुटते तेव्हा भरपूर पाणी, दिवाळीनंतर हात आखडता. माती नको; भोकांच्या मातीच्या कुंडीत कोळसा आणि विटांचे तुकडे. सकाळचे ऊन हवेच, ते नसेल तर फूल नाही. बोअरचे पाणी क्षारांचे, त्याने मुळांवर पांढरा थर बसतो, म्हणून पावसाचे पाणी पिंपात धरून ठेवतो. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले, तिथे हे लिहिताना थोडे ओशाळायला होते. पण एका कुंडीला दिवसाआड तांब्याभर पुरते. उन्हाळ्यात ती कूलरच्या वाऱ्यापासून जरा बाजूला ठेवतो. तेवढा दमटपणा तिला बास होतो.

दुसऱ्या कुंडीची चिठ्ठी मी पुसून पेन्सिलीने नवी लिहिली आहे: ‘डेन्ड्रोबियम, बिगिबम घराण्यातला संकर, नाव हरवले.’ गेल्या श्रावणात तिला सात फुले आली. मावशींनी आता एक कांडी मागितली आहे.