मॉरिस मायनर आणि हेरॉल्ड: ग्रीस कुणाला, ऑइल कुणाला?

आमच्या ग्राहकांसाठी

मॉरिस मायनर आणि ट्रायम्फ हेरॉल्ड या दोन जुन्या इंग्लिश गाड्या. ‘मायनर घेऊ की हेरॉल्ड?’ हा प्रश्न गॅरेजमध्ये सतत येतो. १९४८ साली आलेल्या मायनरला वेगळी चेसिस (खालचा सांगाडा) नाही, बॉडी हीच चेसिस. म्हणून घेताना रंगावर जाऊ नका, खालचा पत्रा पाहा. तो गंजला असेल तर वेल्डिंगचा खर्च इंजिनाच्या कामालाही मागे टाकतो. १९५९ ची हेरॉल्ड याच्या उलट. बॉडी चेसिसवर बोल्टने बसवलेली, आणि बॉनेट दोन्ही मडगार्डांसकट पुढे उलटते. इंजिनाचे काम करायला याहून सोयीची गाडी आम्ही पाहिलेली नाही. वळतेही अवघ्या २५ फुटांत. फक्त घाटात वेगात वळताना अॅक्सिलरेटर एकदम सोडू नका, मागचे चाक आत दुमडते.

तुम्हाला शांतपणे चालवायची असेल तर मायनर घ्या, स्वतः हात काळे करायची हौस असेल तर हेरॉल्ड. मद्रासला बनलेल्या स्टँडर्ड हेरॉल्डलाही हे सगळे लागू आहे.

आता मुख्य मुद्दा. दोन्ही गाड्यांत पुढच्या चाकाचा उभा खांब खाली ट्रनियनमध्ये, म्हणजे आटे पाडलेल्या धातूच्या ठोकळ्यात, आट्यांवर बसतो आणि स्टिअरिंगबरोबर त्या आट्यांतच फिरतो. मायनरच्या ट्रनियनला ग्रीस लागते, तेही चाक जॅकवर उचलून भरायचे, म्हणजे एरवी गाडीच्या वजनाने दबलेल्या बाजूलाही ते पोचते. हेरॉल्डच्या ट्रनियनला मात्र ९० नंबरचे गिअर ऑइलच घालायचे. कंपनीच्या पुस्तकातही तसेच आहे.

तरीही सर्व्हिस स्टेशनवर ‘सगळीकडे ग्रीस मारा’ असे सांगितले जाते आणि गाडी आमच्याकडे येते ती ट्रनियन ग्रीसने गच्च भरूनच. हे ग्रीस खालच्या आट्यांपर्यंत उतरत नाही, वरच घट्ट होऊन बसते. खाली पाणी शिरते, पोलादी खांब आतून गंजतो आणि एक दिवस ट्रनियनच्या तोंडाशी तुटतो. बहुतेक वेळा गाडी पार्क करताना, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर. तेव्हा चाक आडवे होते. रस्त्यावर वेगात असताना झाले तर काय, ते सांगायला नको.

म्हणून नवीन आलेल्या हेरॉल्डचे दोन्ही ट्रनियन उघडून, आटे धुऊन पाहिल्याशिवाय आम्ही ती ट्रायलला काढत नाही. ‘नुसती ट्यूनिंगला दिली होती, हे बिल कशाचे?’ असे काहीजण विचारतात. वाळलेले ग्रीस काढण्यात अख्खा दिवस जातो, आणि बाहेरून खांब चांगला दिसला तरी गंज आत असतो. जुना खांब आम्ही तुम्हाला दाखवतो, हवा तर घरी न्या.

हेरॉल्डसाठी ऑइलची वेगळी गन आम्ही ठेवली आहे. पावसाळा संपला की गाडी आणा. ट्रनियनला ऑइल घालायला फार वेळ लागत नाही, थांबून घेऊन जाता येते. स्वतः करणाऱ्यांना अशी गन आमच्याकडे विकतही मिळेल, आणि ट्रनियनचा प्लग काढून निपल (गनचे तोंड बसते तो छोटा तुकडा) कसा लावायचा हे आम्ही गाडीवरच दाखवू.