जंपसीटवरील वैमानिकांची ओळखपडताळणी (अमेरिका)

विमानाच्या कॉकपिटमध्ये दोन वैमानिकांच्या मागे एक-दोन जादा, बहुधा घडीच्या खुर्च्या असतात. त्यांना जंपसीट म्हणतात. ड्यूटीवर नसलेला वैमानिक तिथे बसून प्रवास करणार असेल, तर तो कोण आहे आणि आजही वैमानिक म्हणून नोकरीत आहे का, याची खात्री आधी करून घेतली जाते. या नोंदीत अमेरिकेतील पद्धत दिली आहे.

अमेरिकेत वैमानिकाचे घर एका शहरात आणि ड्यूटी सुरू होते तो तळ दुसऱ्याच शहरात, हे सर्रास दिसते. कामावर पोहोचायचे तर विमानच धरावे लागते. ते प्रवाशांनी भरलेले असले तरी जंपसीट बरेचदा रिकामी असते, म्हणून विमान कंपन्या एकमेकांच्या वैमानिकांना ती फुकट देतात. कॉकपिटमध्ये कोणाला घेता येते हे संघीय विमान वाहतूक नियमांच्या कलम 121.547 मध्ये सांगितले आहे. तरीही अखेरचा शब्द कॅप्टनचा. त्यामुळे पाहुणा वैमानिक आधी त्याच्यासमोर उभा राहून परवानगी मागतो, मगच बसतो.

जवळ असावी लागणारी कागदपत्रे म्हणजे कंपनीचे फोटो ओळखपत्र, वैमानिकाचा परवाना आणि मुदतीतले वैद्यकीय प्रमाणपत्र. परवाना देते फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशन (एफएए). या प्लास्टिकच्या परवान्यावर राइट बंधूंची चित्रे आहेत, पण ज्याचा परवाना आहे त्याचा फोटोच नाही! म्हणूनच 2002 पासून परवान्यासोबत पासपोर्ट किंवा वाहन परवान्यासारखे फोटो असलेले सरकारी ओळखपत्र बाळगणे बंधनकारक झाले.

कार्ड खरे असले तरी त्यामागची नोकरी संपलेली असू शकते. 7 डिसेंबर 1987 रोजी लॉस एंजेलिसहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या पीएसए (पॅसिफिक साउथवेस्ट एअरलाइन्स) कंपनीच्या 1771 क्रमांकाच्या विमानात हेच घडले. पीएसएची मालक असलेल्या यूएसएअर या विमान कंपनीने कामावरून काढलेल्या एका माणसाचे ओळखपत्र त्याच्याकडेच राहिले होते. ते दाखवून तो सुरक्षातपासणी टाळून पिस्तूल घेऊन विमानात चढला. विमान कोसळून सर्व 43 जण मृत्युमुखी पडले. तो वैमानिक नव्हता आणि जंपसीटवरही बसला नव्हता, तरी या विषयात ही घटना टाळता येत नाही. नोकरी सुटताच ओळखपत्र तत्काळ काढून घेण्याचा नियम त्यानंतरच आला.

11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांनंतर दुसऱ्या कंपनीच्या वैमानिकांना कॉकपिट बंद झाले. ते पुन्हा उघडले कॉकपिट ॲक्सेस सिक्युरिटी सिस्टीममुळे. वैमानिक तिला ‘कॅस’ म्हणतात. गेटवरचा कर्मचारी पाहुण्याच्या कंपनीचे सांकेतिक नाव आणि कर्मचारी क्रमांक संगणकात भरतो. ती चौकशी थेट त्या कंपनीच्या नोंदींपर्यंत जाते आणि पडद्यावर वैमानिकाचा फोटो व होकार किंवा नकार उमटतो. कर्मचारी तो चेहरा समोरच्या चेहऱ्याशी ताडून पाहतो. मला या व्यवस्थेचे मोल वाटते ते इथे: उत्तर खिशातल्या कार्डावरून येत नाही, नोकरी देणाऱ्याकडून येते. सकाळी कामावरून काढलेल्याचे नाव नोंदीतून हटवले की त्याच्या हातातले कार्ड कितीही खरे असो, कॉकपिट त्याला बंद.

तरीही माणसाच्या नजरेची गरज संपलेली नाही. मार्च 2013 मध्ये फिलाडेल्फियात एअर फ्रान्सच्या वैमानिकाचे सोंग घेतलेला एक प्रवासी यूएस एअरवेजच्या विमानात थेट जंपसीटवर जाऊन बसला होता. विमान उडण्यापूर्वी त्याला खाली उतरवण्यात आले.

ओळख अगदी खरी असूनही धोका राहतो, आणि या विषयातला सर्वांत कठीण भाग हाच. 7 एप्रिल 1994 रोजी मेम्फिसहून निघालेल्या फेडेक्स 705 या मालवाहू डीसी-10 विमानात कंपनीचाच एक फ्लाइट इंजिनिअर (उड्डाणात विमानाच्या यंत्रणांवर लक्ष ठेवणारा कर्मचारी) जंपसीटचा प्रवासी म्हणून चढला. त्याने गिटारच्या पेटीतून आणलेल्या हातोड्यांनी तिघा कर्मचाऱ्यांची डोकी फोडली. रक्तबंबाळ अवस्थेतही त्या तिघांनी त्याला आवरले आणि विमान मेम्फिसला परत उतरवले. पण त्यांच्यापैकी कोणालाही पुन्हा व्यावसायिक विमान उडवता आले नाही. हल्लेखोराची ओळख तपासून काहीच हाती लागले नसते, कारण तो खरोखरच फेडेक्सचा माणूस होता.

22 ऑक्टोबर 2023 रोजीही तेच दिसले. एव्हरेटहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या होरायझन एअरच्या एम्ब्राएर 175 मध्ये अलास्का एअरलाइन्सचा सुट्टीवरचा वैमानिक जंपसीटवर होता. त्याने दोन्ही इंजिनांची आग विझवण्याच्या यंत्रणेचे दांडे धरले. ते पूर्ण ओढले असते तर इंजिनांचा इंधनपुरवठा तुटला असता. ड्यूटीवरच्या दोघांनी त्याचे हात धरून त्याला कॉकपिटबाहेर काढले आणि विमान पोर्टलंडला सुखरूप उतरवले.