४०३००१ (संख्या)

४०३००१ : (चार लक्ष तीन हजार एक). एक मूळ संख्या. गोव्यात ती पणजीचा पिनकोड म्हणून सर्वांच्या परिचयाची. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तेव्हा गोवा, दमण व दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश होता. तरी गोव्याला ४०३ हे आरंभीचे अंक मिळाले आणि दमण व दीव ३ ने सुरू होणाऱ्या विभागात गेले.

६३५ चा वर्ग ४,०३,२२५ असल्यामुळे ६३५ हून लहान ११५ मूळ संख्यांनी भागून पाहणे पुरेसे ठरते. त्यांपैकी एकीनेही ४०३००१ ला निःशेष भाग जात नाही. गोव्यातील मोठ्या शहरांच्या पिनकोडांत मूळ संख्येचा हा मान एकट्या पणजीचा. मडगावच्या ४०३६०१ मधील एकाआड एक अंकांच्या दोन्ही बेरजा ७ येतात, म्हणजे तिला ११ ने भाग जातो. म्हापशाच्या ४०३५०७ ला १३ ने, फोंड्याच्या ४०३४०१ ला ३ ने जातो. वास्कोची ४०३८०२ समच आहे.

४०३००३ हीसुद्धा मूळ संख्या असल्याने ही जोडमूळ संख्यांची जोडी होय. मधली ४०३००२ = २ × ३ × ३ × ३ × १७ × ४३९. अशा जोड्या अनंत आहेत काय, हे अद्याप सिद्ध झालेले नाही.

४०३००१ ला ४ ने भागल्यास बाकी १ उरते. अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात एकाच प्रकारे मांडता येते. येथे २९९ व ५६० यांचे वर्ग : ८९,४०१ + ३,१३,६००. या प्रमेयाचा जनक कोण, याविषयी मतभेद आहेत. प्राचीन ग्रीक गणिती डायोफँटसला ते ठाऊक असावे असे काही अभ्यासक मानतात, पण त्याच्या ग्रंथाचा संबंधित पाठ संदिग्ध आहे. आल्बेर जिरारने १६२५ च्या सुमारास नियम नोंदवला. फेर्माने २५ डिसेंबर १६४० च्या मेर्सेनला लिहिलेल्या पत्रात तो सांगितला, सिद्धता मात्र दिली नाही. प्रमेय फेर्माच्या नावाने रूढ असले तरी विधानाचा अग्रमान जिरारला देणे अधिक सयुक्तिक वाटते. सिद्धता ऑयलरची, बहुधा १७४९ च्या आसपासची. २९९ व ५६० यांवरूनच २,२४,१९९, ३,३४,८८०, ४,०३,००१ हे पायथागोरसचे त्रिकूट (काटकोन त्रिकोणाच्या तीन बाजू) मिळते.

दुपटीत एक मिळवल्यास येणाऱ्या ८०६००३ ला ११ ने भाग जातो. त्यामुळे ही सोफी जेर्मेन प्रकारची (दुपटीत एक मिळवूनही मूळ संख्याच देणारी) मूळ संख्या नव्हे. अंक उलटे लिहिल्यास १००३०४ ही सम संख्या येते. १ ला ४०३००१ ने भागल्यास दशांशातील आवर्ती भागाची लांबी २,०१,५०० ची विभाजक असते, म्हणजे पूर्ण ४,०३,००० अंकांचे आवर्तन होत नाही.