अनिषेकजनन

अनिषेकजनन : नराच्या शुक्राणूशी संयोग न होता मादीच्या अंड्यातून थेट नवा जीव घडणे. निषेक म्हणजे फलन. ते जिथे घडत नाही ते अनिषेकजनन. हायड्राच्या अंगावर कळी फुटते किंवा अमीबा दुभंगून दोन होतात, ते प्रकार यात मोडत नाहीत. इथे अंडे तयार होते, गर्भ वाढतो, सगळे नेहमीसारखेच असते. फक्त बापाचा वाटा नसतो.

या प्रकाराचा पहिला पक्का पुरावा मिळाला तो झाडांच्या कोवळ्या शेंड्यांवर दाटीने बसणाऱ्या मावा या किडीतून. जिनिव्हाच्या शार्ल बॉने याने वयाच्या विसाव्या वर्षी, १७४० मध्ये, नुकतेच जन्मलेले माव्याचे एक पिल्लू फांदीवर एकटे ठेवून वर काचेचे भांडे पालथे घातले आणि दिवसेंदिवस त्यावर भिंग धरून नोंदी केल्या. नराचा वाराही न लागलेल्या त्या मादीला ९५ पिल्ले झाली. पुढे १८४५ मध्ये यान झिएरझोन या मधमाश्या पाळणाऱ्या धर्मगुरूने राणीमाशीबद्दल असेच मत मांडले. राणी जे अंडे फलित करते त्यातून मादी, म्हणजे कामकरी माशी किंवा नवी राणी निपजते. जे फलित करत नाही त्यातून नर. म्हणजे मधमाशीच्या नराला आजोबा असतो, पण बाप नसतो.

कीटकांत हे चालते, पण पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत ही फार तर एखादी विकृती, असे बराच काळ मानले जाई. ती समजूत गेल्या काही दशकांत पार मोडली. २००१ मध्ये अमेरिकेतील ओमाहा येथील प्राणिसंग्रहालयात फावड्याच्या आकाराच्या डोक्याच्या बॉनेटहेड शार्कला पिल्लू झाले, तेव्हा तिच्या टाकीत त्या प्रजातीचा नर नव्हता. पिल्लात नराचा अंशही नाही, हे २००७ मध्ये डीएनए तपासणीतून सिद्ध झाले. त्याआधी २००६ मध्ये इंग्लंडच्या चेस्टर प्राणिसंग्रहालयातील फ्लोरा या कोमोडो ड्रॅगन मादीने अंडी घातली होती. तिचा नराशी कधीच संबंध आला नव्हता, तरी अंड्यांत गर्भ वाढत होते.

फ्लोराची सगळी पिल्ले नर निघाली, आणि त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. माणसात लिंग ठरवणाऱ्या दोन भिन्न गुणसूत्रांची जोडी पुरुषाकडे असते; कोमोडोत ती मादीकडे असते. मादीत झेड आणि डब्ल्यू ही दोन गुणसूत्रे, तर नरात दोन्ही झेड. अंड्यात यांपैकी एकच जाते. शुक्राणू न येता त्याच एकाची जोडी झाली, तर दोन झेड किंवा दोन डब्ल्यू एवढेच पर्याय उरतात. दोन डब्ल्यूंचा गर्भ जगत नाही. उरतात ते मुलगे. एखाद्या ओसाड बेटावर पोहत जाऊन पोहोचलेली एकटी मादी याच वाटेने नर जन्माला घालून पुढे त्यांच्यापासूनच वंश चालवू शकेल, असा तर्क संशोधकांनी त्यावरून मांडला.

नर मिळाला नाही म्हणून मादीने काढलेला हा अखेरचा तोडगा, असे स्पष्टीकरण यातून रूढ झाले. कॅलिफोर्निया काँडोर या गिधाडाने ते अडचणीत आणले. १९८२ मध्ये या पक्ष्याची जगभरातली संख्या अवघी २२ होती. तेव्हापासून प्रत्येक पक्ष्याला क्रमांक देऊन त्याची वंशावळ काटेकोरपणे जपली जाते. सॅन डिएगो येथील शास्त्रज्ञ नऊशेहून अधिक काँडोरांच्या डीएनएचा ताळा करत असताना दोन पिल्ले कुठल्याच नराशी जुळेनात. सगळे नर तपासून झाले, तरी पिता सापडला नाही. दोन्ही पिल्लांची अनुवंशिक सामग्री सर्वस्वी आईकडूनच आली होती, आणि दोन्ही नर होती. खरी कोड्यात टाकणारी गोष्ट अशी की दोन्ही आया प्रजननक्षम नरांसोबत राहत होत्या. एकीला त्याच्यापासून ११ पिल्ले झालेली, दुसरीला २३. म्हणजे नराची वाण नव्हती. २०२१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तोवर दोन्ही पक्षी मरून गेले होते. पहिला सुमारे दोन वर्षांचा होऊन, दुसरा आठ वर्षांचा होण्याआधी. काँडोर ६० वर्षांपर्यंत जगू शकतो हे लक्षात घेतले, तर त्यांच्या वाट्याला किती थोडे आयुष्य आले ते कळते.

या अल्पायुष्याचा संबंध अनिषेकजननाच्या रीतीशी असू शकतो. अंडे तयार होताना अर्धगुणसूत्री विभाजनात, म्हणजे गुणसूत्रे निम्मी करणाऱ्या विभाजनात, काही छोट्या पेशी बाजूला पडतात आणि एरवी नष्ट होतात. त्यांतलीच एखादी शुक्राणूसारखी अंड्याशी एकरूप होते, आणि गर्भ सुरू होतो. पण मग जनुकांच्या बहुतेक जोड्यांत दोन्ही प्रती एकसारख्या येतात. आईत दुसऱ्या प्रतीआड झाकलेला दोष पिल्लात उघडा पडतो.

नरांना कायमची रजा दिलेल्या, कणा असलेल्या बहुतेक प्रजाती मात्र या सापळ्यातून सुटल्या आहेत, आणि त्यांची सुटका संकरात आहे. अ‍ॅमेझॉन मॉली हा टेक्सास आणि ईशान्य मेक्सिकोतला गोड्या पाण्यातला छोटा मासा. नाव नदीवरून नाही, ग्रीक पुराणकथांतल्या स्त्रीयोद्ध्यांवरून आलेले. कार्ल आणि लॉरा हब्ज यांनी १९३२ मध्ये दाखवून दिले की या माशात नर नसतातच. मॉलीच्या दोन वेगळ्या प्रजातींचा फार पूर्वी संकर झाला, त्यातून ही निपजली. तिला शेजारच्या प्रजातीच्या नराचे शुक्राणू लागतात, पण केवळ अंड्याला जाग आणण्यापुरते. त्यातली गुणसूत्रे पिल्लात येत नाहीत. त्यामुळे याला काटेकोर अर्थाने अनिषेकजनन न म्हणता त्याचे जवळचे भावंड म्हणणे बरे.

अमेरिकेच्या नैऋत्य भागातले व्हिपटेल सरडे मात्र शुक्राणूशिवायच भागवतात. न्यू मेक्सिको व्हिपटेल ही दोन प्रजातींच्या संकरातून आलेली, केवळ माद्यांची प्रजाती. न्यू मेक्सिको राज्याने तिला राज्य सरपटणारा प्राणी म्हणून मान दिला आहे. संकर असल्याने तिच्यात मुळातच दोन भिन्न वंशांची गुणसूत्रे आहेत. ही विविधता पिढ्यान्‌पिढ्या टिकते कशी, याचा उलगडा व्हिपटेलांच्या अभ्यासातून २०१० मध्ये झाला. अंडे घडवणारी पेशी विभाजनाआधी आपली गुणसूत्रे एकदा जास्तीची दुप्पट करून घेते, आणि मग प्रत्येक गुणसूत्र आपल्याच तंतोतंत प्रतीशी जोडी करते. दोन्ही आजोळांचे वेगळेपण त्यामुळे तसेच्या तसे पुढे जाते. मला सगळ्या अनिषेकजननातली ही सर्वांत देखणी युक्ती वाटते.

या सरड्यांत समागम संपला, पण त्याची रीत उरली आहे. एक मादी दुसरीच्या पाठीवर चढते, तिची कातडी जबड्यात धरते आणि शेपूट तिच्याखाली वळवते, अगदी नरासारखी. वर असते ती बहुधा अंडे बीजाशयातून सुटून गेलेली, खाली असते ती अंडे पिकत आलेली. काही आठवड्यांनी भूमिका बदलतात. ही क्रिया अनुभवलेल्या माद्या एकटीने राहिलेल्यांपेक्षा अधिक अंडी घालतात.

सापांत ‘वाळा’ हा बारीक, गांडूळ समजून सोडून दिला जाणारा आंधळा साप असाच केवळ माद्यांचा. त्याच्यात गुणसूत्रांचे तीन संच असतात. रोपांच्या कुंड्यांतल्या मातीतून तो जगभर पसरला. एकच मादी पोहोचली तरी पुरते. रोटिफर या पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्यांच्या ब्डेलॉइड गटात तर आजवर कुणालाही नर दिसलेला नाही. हे जीव सुकून गेले तरी पाणी मिळताच जिवंत होतात, तुटलेला डीएनए सांधून घेतात. सायबेरियाच्या गोठलेल्या मातीत सुमारे २४,००० वर्षे राहिलेले रोटिफर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पुन्हा जागे झाले आणि अंडी घालू लागले. किरणोत्साराला ते दाद देत नाहीत म्हणून २०१९ मध्ये त्यांना आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरही पाठवण्यात आले.

सस्तन प्राण्यांत मात्र निसर्गात अनिषेकजनन होत नाही. त्यांच्या काही जनुकांवर आईकडची की वडिलांकडची अशी खूण असते. काही केवळ वडिलांकडून आली तरच काम करतात. दोन आयांची गुणसूत्रे एकत्र केली तर गर्भ अर्ध्यातच खुंटतो. जपानमध्ये तोमोहिरो कोनो यांनी २००४ मध्ये एका बाजूच्या अंड्यातली ही खूण जनुकबदल करून पुसली, आणि दोन माद्यांच्या अंड्यांपासून उंदीर घडवला. त्यासाठी ४५७ अंडी जोडावी लागली. त्यांतून १० पिल्ले जिवंत जन्मली आणि एकच मोठी झाली. तिचे नाव कागुया. तिने पुढे नराशी समागम करून, चारचौघी उंदरींसारखीच, पिल्ले दिली.