‘आरटीईची मुलं’ आली की वर्ग बिघडतो?

आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा; त्यानुसार खासगी शाळांना २५ टक्के जागा गरीब आणि वंचित मुलांसाठी ठेवाव्या लागतात. शाळेच्या फाटकाबाहेर हे वाक्य कित्येक वर्षं ऐकू येतंय: “त्या पंचवीस टक्क्यांमुळे आपल्या मुलांचा अभ्यास मागे पडतो.”

दिल्लीत हे तपासून झालंय. सवलतीत सरकारी जमीन मिळालेल्या तिथल्या खासगी शाळांना २००७पासून गरीब मुलांसाठी २० टक्के जागा ठेवाव्या लागल्या. अर्थतज्ज्ञ गौतम राव यांनी या शाळांतल्या सधन मुलांचा अभ्यास केला. तो २०१९मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त छापून आला. हिंदी आणि गणितात फरक दिसला नाही, इंग्रजीचे गुण जरासे उतरले. वर्गात शिव्या थोड्या वाढल्या, हेही खरं. (बंगल्यातली मुलं शिव्या देतच नाहीत, असं मानणाऱ्यांनी एकदा स्कूल बसमध्ये बसून पाहावं.) पण याच मुलांमध्ये उदारपणा वाढला, आणि रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडताना वेगवान गरीब मुलाला डावलणं कमी झालं.

‘ती मुलं कच्चीच असतात’ हेही असंच. आरटीईचा प्रवेश सोडतीने होतो. चाचणी घेऊन मुलं निवडायला कायद्यात मनाई आहे. मग पहिलीतलं मूल कच्चं हे कोणी, कधी ठरवलं? पत्ता आणि बापाचा धंदा पाहूनच ना? एकदा तसा शिक्का बसला की वक्तृत्व स्पर्धेसाठी त्याचं नाव कोणी सुचवत नाही.

महाराष्ट्रात फेब्रुवारी २०२४मध्ये, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना या जागांतून सूट मिळाली होती. त्याच वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली.